शिरस्त्राण की अंबाडा

संग्रहालयात जुनी नाणी ओळखणं हे सूनबाईचं रोजचंच काम, पण आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या घड्याळजी सासऱ्यांनी जिवापाड जपलेलं काशाचं रोमन नाणं पहिल्यांदाच तिच्या हाती दिलं होतं. "लढवय्या सम्राट आहे, शिरस्त्राण बघ," असं ते चाळीस वर्षं येईल त्याला ऐकवत आले होते.

भिंगाखाली शिरस्त्राण काही दिसेना. तिने दिवा तिरपा धरला, नाणं फिरवलं, दोनदा उगाच उठून पाणी पिऊन आली. डोक्यामागे चक्क केसांचा अंबाडा होता आणि कडेला झिजलेली अक्षरं होती: फाउस्टीना. सम्राटाची बायको!

संध्याकाळी ती दारातच घुटमळली.

"खोटं निघालं का गं?" सासरे खुर्चीत चुळबुळत होते.

"नाणं अस्सल आहे, बाबा. पण तो बाप्या नाही, बाई आहे."

ते भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. मग पडेल आवाजात आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का? तुझंच खरं निघालं."

"मग! मला अंबाडा कळत नाही होय?" सासूबाई आतूनच कडाडल्या.