लॉरेलचा डबा

नऊ वर्षांत लॉरेलने तो डबा एकदाही उघडून पाहिला नव्हता, कारण तो उघडताच येत नव्हता. तिच्या वडिलांनी, क्लेमने, बिस्किटांच्या त्या भल्यामोठ्या डब्याचं झाकण स्वतः डाख लावून पक्कं केलं होतं आणि वर नाणं जाईल एवढी चीर पाडली होती. सगळी हयात रेल्वेच्या वर्कशॉपात घालवलेला माणूस. त्याने बंद केलेली वस्तू बंदच राहायची.

आई गेली, क्लेमचं कमरेचं हाड मोडलं, आणि लॉरेल दोन महिन्यांसाठी म्हणून अॅडलेडहून बापाच्या गावी, यारलिनाला आली. तेव्हा क्लेम म्हणाला होता, "फुकट राबू नकोस. खिशातली मोड रोज या डब्यात टाकीन. डबा भरला की तू मोकळी."

दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. रोज संध्याकाळी जेवणं उरकली की ती सिंककडे तोंड करून ताटल्या घासायची आणि पाठीमागे खण्‌ असा आवाज व्हायचा. "लॉरेलचे," क्लेम म्हणायचा. रविवारी धूळ पुसताना ती डबा उचलून बघायची. दिवस फारच वाईट गेला असेल, म्हातारा सूपवरून खेकसला असेल, चादरी दोनदा बदलाव्या लागल्या असतील, तर मधल्या वारीही उचलायची. डबा वर्षागणिक जड होत होता. त्या वजनावर तिने नऊ हिवाळे काढले. छप्पन्न वर्षांच्या बाईने असं वागावं का? पण वागली खरी.

या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. अॅडलेडच्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिला नोकरी मिळाली, शाळेजवळच एक खोलीही मिळाली. अनामत आणि आगाऊ भाडं धरून सोळाशे ऐंशी डॉलर, शुक्रवारी पाचपर्यंत. तिच्याकडे सातशे होते. बापाला सांभाळण्याबद्दल मिळणारा सरकारी भत्ता घरातच जिरत होता. दुसरी गोष्ट म्हणजे गावातली बँकेची शाखा त्याच शुक्रवारी कायमची बंद होणार होती, आणि नाणी मोजायचं मशीन पंचक्रोशीत तेवढं एकच होतं. चिरेतून काडी घालून पाहिलं, तर डबा भरायला अजून तीन बोटं बाकी होती. लॉरेलने ती तीन बोटं बापाला माफ केली.

"बाबा, डबा बँकेत नेते," ती शुक्रवारी सकाळी म्हणाली.

क्लेमने टोस्टवरून मान वर केली नाही. "भरला कुठेय अजून?"

"बँक थांबणार नाही."

"कंबर धरेल तुझी. राहू दे, नंतर बघू."

ती थांबली नाही. डबा मांडीवरच्या पोरासारखा गाडीत शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून नेला.

"चर्चची दानपेटी फोडलीस की काय?" काउंटरवरच्या जॅनिसने विचारलं. दोघी एकाच वर्गात होत्या, त्यामुळे जॅनिसला कधीच तोंड आवरावं लागलं नव्हतं. तिने आतून कॅन-ओपनर आणून दिला. डाख लावलेलं झाकण दाद देईना, म्हणून डबा उलटा करून तळाचा पत्रा कापला, तेव्हा वर नाणीच दिसत होती. लॉरेलने डबा उचलून मशीनच्या तोंडात रिकामा केला.

मशीन घरघरलं. पडद्यावर आकडे धावले. वीस, ऐंशी, दीडशे. मग आकडा अडला आणि खालच्या वाटीत मशीनने नाकारलेला माल पडायला लागला, खळखळ, खळखळ, वाटी भरून जमिनीवर.

"चलनातून गेलेले जुने दोन सेंट असतील," लॉरेल म्हणाली. "बाबांना दिसत नाही नीट."

जॅनिसने खाली वाकून एक उचललं. त्याला मधोमध भोक होतं.

ते वायसर होते. रेल्वेच्या वर्कशॉपातले, नट-बोल्टखाली बसवायचे, पोलादी. डब्याचे तीन भाग वायसर आणि एक भाग नाणी. पडद्यावर एकशे शहाऐंशी डॉलर चाळीस सेंट.

 जॅनिसने एक कापडी पिशवी धरली आणि दोघींनी गुडघे टेकून वायसर गोळा केले. रांगेतली माणसं भिंतीवरची पत्रकं वाचत राहिली.

घरी आल्यावर लॉरेलने पिशवी टेबलावर ठेवली, क्लेमच्या चहाच्या कपाला खेटून. इतका राग तिला आला होता की आवाज अगदी साधा निघाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या हिवाळ्यापासून."

"पैसे हवे होते तर सांगायचंत. मी मागितले असते का?"

"पैशांचं काय घेऊन बसलीस." क्लेम पिशवीकडे बघत होता. "नाण्यांनी भरला असता तर तू गेली असतीस. रिकामा राहिला असता तरी गेली असतीस."

म्हातारा खरं बोलत होता. दर रविवारी तो डबा तिनेच उचलून बघितला होता. हलका लागता, तर तिसऱ्याच वर्षी ती बसमध्ये बसली असती, खिशात सातशे नसतानाही.

पाचला दहा मिनिटं असताना तिने खोलीवाल्या बाईंना फोन करून सांगितलं, दुसऱ्या कोणाला द्या. मग शाळेला फोन केला. मग बटाटे सोलायला घेतले, कारण सहा वाजता क्लेमला जेवण लागायचं.

 मेंढीचे चॉप, बटाटे, वाटाणे. ती उठून सिंककडे गेली आणि ताटल्या घासायला लागली. मागे खुर्ची सरकली. कापलेला डबा कपाटावर होता तिथे क्लेम काठी टेकत गेला, खिशात हात घालून बराच वेळ उभा राहिला.

खण्‌.

या वेळी तो काही म्हणाला नाही. लॉरेलने मागे वळून पाहिलं नाही, पाहायची गरजच नव्हती. नाणं दोन डॉलरचं होतं, खरं. नऊ वर्षं न कळलेला फरक आज तिला आवाजावरून कळला, आणि आपण अजून कान देऊन ऐकतोय याचा तिला बापापेक्षाही जास्त राग आला.