कागद पुरे करून ये

नाथाजी आष्ट्याचे. मराठी सातवीची फायनल पास झालेले आणि शाळामास्तर व्हायचं म्हणून दोन वर्षं हेलपाटे घालून दमलेले. सन एकेचाळीसला भरतीवाले आले तेव्हा त्यांनी छाती मोजून दिली आणि मोकळे झाले. पलटणीत बंदूक त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. अक्षर बघून साहेबानं त्यांना जवानांच्या शिक्षणाकडं घेतलं, दंडावर हवालदाराच्या फिती चढवल्या. गावानं जे दिलं नव्हतं ते फौजेनं दिलं. नाथाजी मास्तर झाले. फौजेत मास्तराला उस्ताद म्हणतात, तेच नाव त्यांना चिकटलं.

इटलीत पलटण मागं विसाव्याला आली की उस्तादांची शाळा ऑलिव्हच्या झाडांखाली भरायची. रोमन लिपीतली उर्दू, हिशेब, नकाशा, पत्र कसं लिहावं. खुरपं आणि कासरा धरलेली बोटं पेन्सिलीवर इतकी दाबली जायची की शिसं तुटून पडायचं. सर्टिफिकिटं तीन दर्जांची होती. बहुतेक जण तिसऱ्यावरच थांबायचे. घरी चार ओळी लिहिता आल्या म्हणजे झालं, असा त्यांचा विचार.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात एक हुकूम आला. साहेबानं तो परेडीवर वाचला आणि उस्तादांनी मराठीत समजावून सांगितला. पहिल्या दर्जाचं सर्टिफिकीट घेईल त्याला मॅट्रिकच्या बरोबरीचा धरणार. लढाई संपून सुटला की त्याला सरकार आपल्या खर्चानं दोन वर्षं शिकवणार. विजेचं काम म्हणा, इंजिनाचं म्हणा, ओव्हरसियरचं म्हणा. वर उस्तादांनी पदरचं एक वाक्य घातलं. म्हणाले, "गड्यांनो, बोलणारी माणसं बदलत्यात, पर ह्यो छापील शब्द हाय. ह्याला मरण न्हाई."

त्या दिवसापासून वर्गात माणसं वाढली. त्यांत कृष्णात होता.

कृष्णात आष्ट्याजवळच्याच एका वाडीचा. मधे एक ओढा, ओढ्याच्या अलीकडं सातारा जिल्हा आणि पलीकडं संस्थानी हद्द. कृष्णातचं घर पलीकडं. पलटणीत तो टेलिफोनच्या तारा टाकायचा. तोफा चालू असताना तुटलेली तार हातानं चाचपत जायची, तुकडा सापडला की जोडायचा आणि आल्या वाटेनं सरपटत परत यायचं. विजेचं त्याला वेडच लागलं होतं. त्याला नीट शिकून सांगलीला दुकान घालायचं होतं.

नोव्हेंबरात त्याची रजेची पाळी आली. तीन वर्षांनी घर दिसणार होतं. आणि त्याच आठवड्यात पहिल्या दर्जाची परीक्षा निघाली. तो उस्तादांकडं आला.

"काय करू, उस्ताद? आईचं लय दुखणं हाय असं पत्र आलंय."

"रजा फिरून मिळंल," उस्ताद म्हणाले. "परीक्षा फिरून कवा हुईल ते कुणाला ठावं? तुजं तू बघ. पर माझं विचारशील तर बस."

तो बसला. पास झाला, पलटणीत दुसरा आला. पुढची रजा मिळायच्या आत, जानेवारीत, आई गेल्याची तार आली. उस्ताद त्याला भेटायला गेले तेव्हा तो तारेचं भेंडोळं गुंडाळत बसला होता. "तुमी बोलला ते बराबरच हुतं," एवढंच तो म्हणाला. उस्तादांच्या जिवावरचं ओझं उतरलं. असा शिष्य मिळाला याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला, आणि तसा तो वाटला याची पुढं त्यांना फार लाज वाटली.

शेहेचाळीसला दोघंही सुटले. नाथाजींना साताऱ्यात, सुटलेल्या सैनिकांच्या कामासाठी उघडलेल्या एका लहानशा कचेरीत कारकुनी मिळाली. वर एक पेन्शनीतले कॅप्टनसाहेब, खाली नाथाजी आणि एक शिपाई. फॉर्म भरून घेणं, पत्रं लिहिणं, पुण्याला यादी पाठवणं हे काम. खेड्यापाड्यांतले जुने जवान यायचे आणि टेबलामागं उस्ताद बसलेले बघून हरखायचे. आपला माणूस आत हाय, असं एकमेकांना सांगायचे.

शिक्षणाच्या जागा सत्तेचाळीसच्या जानेवारीत निघाल्या. फॉर्मला चार कागद लागत: सर्टिफिकीट, फौजेतून सुटल्याचं पुस्तक, पाटलाचा दाखला आणि वरच्या कचेरीचा रहिवासाचा दाखला. कृष्णातचं घोडं अडलं ते चौथ्यावर. घर संस्थानात, भरती सातारा जिल्ह्यातून. संस्थानची कचेरी म्हणे, तुमचं नाव आमच्या भरतीच्या यादीत नाही, चौकशी करावी लागेल. चौकशी करणारा कारकून घरच्या लग्नासाठी रजेवर गेलेला.

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून एक परिपत्रक आलं. वर तांबड्या शाईत 'गोपनीय' असा शिक्का. साहेबांनी नाथाजींना आत बोलावून दार लावून घेतलं.

"वाचा."

नाथाजींनी वाचलं. एक एप्रिलपासून फौजेचं सर्टिफिकीट मॅट्रिकच्या बरोबरीचं धरलं जाणार नव्हतं. सरकारी खर्चानं शिक्षण फक्त मॅट्रिक झालेल्यांना. एकतीस मार्चपर्यंत कचेरीत दाखल झालेले फॉर्म तेवढे जुन्या नियमानं चालतील.

"नोटीस एक एप्रिललाच लावायची," साहेब म्हणाले. "त्याआधी बाहेर एक शब्द जाता कामा नये. जागा मोजक्या आहेत. कळलं तर सगळा जिल्हा दारात उभा राहील. बाहेर गेलं तर ते कुणाकडून गेलं हे मला शोधावं लागणार नाही."

"जी साब," नाथाजी म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी दाखल झालेल्या फॉर्मांची चळत काढली आणि एकेक नाव बघितलं. कृष्णातचं नव्हतं. दोन दिवस त्यांच्या मनात होतं की एक कार्ड टाकावं. पण कार्ड कोणीही वाचतं. पाकीट टाकावं, तर पाकिटावरचं अक्षर टपालातल्या माणसाच्या ओळखीचं. असं करता करता मार्च लागला.

अकरा मार्चला कृष्णात स्वतःच आला. पहाटे आष्ट्याहून निघालेला, मोटारी बदलत दुपारी पोचला. अंगावर धुतलेला सदरा, काखेत तेलकट कापडात गुंडाळलेले कागद. त्यानं ते टेबलावर एका ओळीत मांडले. तीन होते.

"चौथा न्हाई अजून," तो म्हणाला. "कारकून आल्यावर दितो म्हणत्यात. फारम तेवढा घ्या म्हणून आलो. चालंल का, उस्ताद?"

चालत होतं. अपुरा फॉर्म घ्यायचा, वर 'दाखला येणे' असा शेरा मारायचा आणि तारीख टाकायची, अशी सोय नियमातच होती. त्या महिन्यात नाथाजींनी तसे पाच फॉर्म घेतले होते. हात पुढं करायचा आणि शिक्का उठवायचा, एवढंच काम होतं.

पण साहेबांचं दार उघडं होतं. आत साहेब वर्तमानपत्र वाचत होते आणि पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. आज नेमका आपल्याच गावाकडचा, आपल्याच पलटणीतला माणूस अपुरा फॉर्म घेऊन आला, आणि उद्या आणखी चौघं आले तर बातमी आपणच फोडली असं साहेब समजतील, असं नाथाजींच्या मनात आलं. तोंडातून निघालं ते वर्गातलं जुनं वाक्य. पेपर अर्धा सोडून उठणाऱ्याला ते हेच म्हणत.

"अपुरं काम घिऊन येऊ नये. कागद पुरे करून ये."

कृष्णातनं मान हलवली. कागद पुन्हा गुंडाळले. दाराशी जाऊन तो वळला.

"घाई न्हाई न्हवं, उस्ताद?"

आत वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"जमंल तितकं लवकर ये," नाथाजी म्हणाले.

कृष्णात सात एप्रिलला आला. चारही कागद होते, चौथ्यावर संस्थानचा ठसठशीत शिक्का होता. वाडीतून निघताना बायकोनं, अंबूबाईनं, दही हातावर घातल्याचं त्यानं आल्या आल्या सांगितलं. बोलता बोलता त्याची नजर नाथाजींच्या मागच्या भिंतीकडं गेली. तिथं ते परिपत्रक खिळ्याला लावलं होतं.

नाथाजी उठून आडवे उभे राहिले नाहीत. ते त्यांना सुचलंच नाही.

कृष्णात टेबलाला वळसा घालून भिंतीजवळ गेला आणि वाचू लागला. ओठ हलवत, बोट अक्षराखालून सरकवत, उस्तादांनी शिकवलं होतं तसंच. शेवटपर्यंत वाचलं. मग बोट पुन्हा वर नेलं आणि उजव्या कोपऱ्यात, तारखेवर थांबवलं.

"ह्यो कागद फेब्रुवारीचा हाय," तो म्हणाला. "मी आलतो मार्चात."

बोट तारखेवरच ठेवून त्यानं नाथाजींकडं बघितलं.

"तवा तुमाला ठावं हुतं?"

"ते गोपनीय हुतं, कृष्णात."

"गोपनीय म्हंजी?"

"कुणाला सांगायचं न्हाई, असं."

कृष्णातनं बोट खाली घेतलं. "आन् अपुरा फारम घ्यायची बी मनाई हुती?"

इथं नाथाजींना खोटं बोलता आलं असतं. समोरच्यानं ते मानलंही असतं. पण त्यांच्यानं बोलवेना, आणि त्या न बोलण्यातच कृष्णातला उत्तर मिळालं. त्यानं आवाज चढवला नाही. टेबलावरचे चारही कागद उचलले, कापडात गुंडाळले आणि तो निघून गेला. आत साहेब होते. त्यांच्या कानावर यातलं काही पडलं असलं तरी त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्यानंतर नाथाजींनी करायचं ते केलं, पण ते सगळं उशिराचं होतं. साहेबांना म्हणाले, फॉर्मवर मार्चची तारीख घालू द्या. साहेब म्हणाले, "घाला. त्याखाली तुमचा राजीनामाही लिहा, मी दोन्हीवर सही करतो." नाथाजींच्या घरी म्हातारे वडील, दोन लहान भाऊ, आणि शेत वाट्यानं दिलेलं. त्यांनी तारीख घातली नाही. मग त्यांनी पुण्याच्या वरिष्ठांना अर्ज लिहिला. कृष्णातनं लढाईत काय काय केलं ते सगळं त्यात घातलं. आयुष्यात इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं.

ते घेऊन नाथाजी वाडीला गेले. अंबूबाईनं घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. कृष्णात घरी नव्हता.

"सांगलीला कामाला लागल्यात," ती म्हणाली. "सुकुमार अण्णांच्या दुकानात. आठ दिसांनी येत्यात."

"काय म्हणतो माझ्याबद्दल?"

"काय न्हाई." ती पदर सावरत उंबऱ्याकडं बघत राहिली. "आदी लय बोलायचे तुमच्याबद्दल. सासूबाई गेल्या त्यो राग मी तुमच्यावर धरला, तर माज्यावर तापले हुते. उस्ताद म्हंजी देवमाणूस, म्हणायचे. आता नावच काढत न्हाईत."

नाथाजींनी तांब्या तसाच ठेवला आणि सांगलीची वाट धरली.

सांगलीत हळदपेठेच्या बाजूला सुकुमारचं दुकान होतं. सुकुमार मूळ शेतकरी घरातला जैन गडी, बोलायला मोकळा. अडत्यांच्या दुकानांत आणि गोदामांत वीज घेऊन द्यायची कामं तो करायचा. कृष्णात शिडीवर उभा राहून छताच्या कडेनं तारेसाठी लाकडी पट्टी ठोकत होता. त्यानं खाली बघितलं आणि ठोकणं चालू ठेवलं.

"ह्याचे उस्ताद व्हय तुमी?" सुकुमार म्हणाला. "या, बसा. असला हात मी बघितला न्हाई. हाताला डोळं हायत ह्याच्या. पर वायरमनचा परवाना लागतोय, आन् परवान्याला शिक्षणाचा कागद. म्हणून काम ह्यो करतोय आन् सही माजा भाचा करतोय, बाळासो. त्येला फ्यूज कुठला ते बी कळत न्हाई. पर कागद हाय."

कृष्णात खाली उतरला. नाथाजींनी उत्तर पुढं केलं. त्यानं हात पुसून ते घेतलं, वाचलं.

"मॅट्रिकला बसा म्हणत्यात."

"मी शिकवतो," नाथाजी म्हणाले. "दर रविवारी सांगलीला येत जाईन. इंग्रजी तेवढं जड जाईल, बाकीचं तुला येतंय. दोन वर्षांत करू. माझं चुकलं, कृष्णात. मी भ्यालो."

"व्हय. भ्याला." त्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं तो म्हणाला. "तोफंला मी बी भ्यायचो. पर तार जोडल्याबिगर माघारी आलो न्हाई कवा. पलीकडं कोणतरी कानाला लावून बसलेला असायचा."

"तर मग रविवारी—"

"नको. मला शिकायचं न्हाई आता. तुमच्याकडनं तर न्हाईच." त्यानं पत्राची घडी घालून ती परत नाथाजींच्या हातात दिली. "आन् आणखी एक. मला वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. नशीब म्हणून सोडून दिलं असतं. तुमी मला वाचायला शिकवलंत, म्हणून त्या कागदावरची तारीख दिसली."

तेवढ्यात बाळासो आला. विशीतला पोरगेला तरुण, केसाला तेल, खिशाला फाउंटन पेन. त्यानं उभ्या उभ्याच दोन कागदांवर सह्या केल्या आणि कृष्णातला विचारलं, "कुठल्या कामाचं हे?" कृष्णातनं त्याला अडत्याचं नाव सांगितलं आणि तो शिडी चढला.

साताऱ्याची कचेरी पुढं दोन वर्षं चालली आणि बंद झाली. संस्थान विलीन झालं, ओढ्याच्या दोन्ही बाजू एकाच सरकारात आल्या. चौथ्या कागदाची गरज उरली नाही, पण तोवर शिकवायची योजनाही उरली नव्हती. नाथाजी आष्ट्याला परत आले आणि एका सोसायटीत कारकून म्हणून राहिले. शाळेत मास्तरची जागा निघाली तेव्हा लोक म्हणाले, अर्ज करा. त्यांनी केला नाही.

आठवडी बाजारात कृष्णात कधी कधी भेटे. रस्ता बदलायचा नाही, नजर चुकवायचा नाही. समोरून येऊन "रामराम, नाथाजीराव," म्हणायचा आणि पुढं जायचा. पलटणीतली बाकीची माणसं अजून उस्ताद म्हणत. नाथाजी प्रत्येक वेळी रामराम घ्यायचे आणि तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत जागीच उभे राहायचे.