नजर

निरगुडसरच्या यमाजींच्या घरी कळपाचा खरा आकडा परक्याच्या कानी घालण्याची रीत नव्हती. मेंढरे कितीही असोत, विचारणाऱ्यास उत्तर एकच: "हायेत धा-पाच." आकडा उच्चारला की दृष्ट लागते, ही पूर्वजांची श्रद्धा. कळप आटला, ती अढळ राहिली.

यमाजी मागावर घोंगड्या विणीत आणि सून सुप्रिया गावच्या सरकारी केंद्रातील संगणकावरून त्यांची छायाचित्रे दूरदूर धाडी. बाजारचे गिऱ्हाईक केव्हाच ओसरले होते. आता जवळजवळ सारा माल इंटरनेटवरूनच जाई, आणि चूलही त्यावरच पेटे.

२००८ च्या मार्गशीर्षात पाहणीसाठी एक अधिकारी आले. कोणता धंदा इंटरनेटवरील व्यापारावर किती विसंबून आहे, याचे माप ते आंबेगाव-जुन्नरभर घेत हिंडत होते. जेथे अवलंबन अधिक, तेथलेच केंद्र चालू राहणार होते. सुप्रिया हे जाणून होती. तिने चहाची बशी साहेबांपुढे ठेवली.

"बाबा, इंटरनेटवरून किती घोंगड्या जातात?" साहेबांनी यमाजींना विचारले.

यमाजींनी मिशीवरून हात फिरवला. "कुठल्या राव! जात असत्याल दोन-चार."

"आणि उद्या ते बंद पडलं तर?"

"मेंढरं काय कंप्युटरला इचारून लोकर देत्यात व्हय, पावणं?"

साहेब मनापासून हसले आणि त्यांनी लिहिले: अवलंबन नगण्य. पाहुण्यांदेखत सासऱ्याचा शब्द खोडायचा नाही, हे वळण सुप्रियेने माहेरून आणलेले. ती जीभ दातांखाली धरून उभी राहिली.

साहेबांची जीप वळताच ती म्हणाली, "मामंजी, खरं का नाय सांगितलं?"

"खुळी का काय तू? चालत्या धंद्याला नजर लागती."

होळीच्या आधीच केंद्राला कुलूप लागले. संगणक फुले परदेशी धाडणाऱ्या दुसऱ्या गावी गेला. माग मात्र थांबला नाही. यमाजींना दुसरे काही येतही नव्हते.

ज्येष्ठात एक फिरता व्यापारी ओसरीवर टेकला. "किती घोंगड्या हायेत, म्हातारबा?"

"असत्याल दोन-चार."

आत घोंगड्यांची चळत आढ्याला भिडली होती. सुप्रिया या वेळी उंबरा ओलांडून पुढे आली. "लई हायेत, भाऊ. घर भरलंय. समद्या नेता का?"

व्यापाऱ्याने आत डोकावून पाहिले, आणि सावकाश, ऐसपैस मांडी घातली. "मग भाव आमी सांगू, ताई."

यमाजींनी सुनेकडे असे पाहिले, जणू दृष्ट तिचीच लागली होती.