सिस्टरांच्या नावाची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, पण मला दाते नाहीत की वजन नाही. मी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. एका बाईंच्या फोनमध्ये माझा जन्म झाला. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही जन्मली. ती सगळ्यांना दाखवायची, तिच्यावरून लोक बाईंना ओळखणार. मला मात्र कुणालाही दाखवायचे नाही, कारण बाईंच्या नावाने सही करण्याचा अधिकार माझा.

या बाई प्रसूतिगृहात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. शेजारीही आणि भाजीवालाही. निवृत्त झाल्यावर घर त्यांना खायला उठले. सकाळी गणवेशाची इस्त्री करायला हात शिवशिवत, आणि मग आठवे की आता जायचे कुठेच नाही. तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांना इंटरनेटवरच्या एका नव्या जाळ्यावर आणले. या जाळ्याला मालक नाही. लोक तिथे लिहितात, वाचतात, बोलतात, पण मागे कुठली कंपनी बसलेली नाही. अ‍ॅप कितीही बदला, किल्ली तीच चालते. माणसेही तीच राहतात.

सिस्टर तिथे नव्या आयांच्या शंकांना उत्तरे देऊ लागल्या. बाळ दूध ओढत नाही, बेंबी ओली दिसते, सारखे रडते. सिस्टर चष्मा नाकावर सरकवून एका बोटाने सावकाश लिहीत आणि मी खाली सही करी. घाबरलेल्या बाईला त्या आधी विचारत, "तू जेवलीस का गं?" मग बाळाचे बोलत. आणि जिथे शंका वाटे तिथे एकच सांगत, ताबडतोब दवाखान्यात ने.

पुढे त्या आयांच्या गटाने सिस्टरांना एक बिल्ला दिला. विणलेल्या इवल्याशा पायमोज्याचे चित्र होते त्यावर. असा बिल्ला नावाशेजारी दिसतो, तो दुसऱ्याला देता येत नाही, आणि एकदा दिला की परतही घेता येत नाही. सिस्टरांनी तो लेकीला दाखवला, जावयाला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला. नोकरीतून निघताना त्यांना एक घड्याळ मिळाले होते, पण त्याचे त्यांना एवढे कौतुक नव्हते. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

सिस्टरांना नवी नवी अ‍ॅप्स उघडून पाहायचा नाद लागला. एकात फोटो छान दिसत, एकात अक्षरे मोठी होत. प्रत्येक अ‍ॅप दारातच मला मागे आणि सिस्टर मला बिनधास्त देऊन टाकत. लेकीने बजावले होते की किल्ली सांभाळणारे एक वेगळे अ‍ॅप असते; ते आतल्या आत सही करून देते, किल्ली बाहेर जात नाही. सिस्टर म्हणाल्या, बघू गं, सावकाश करू. लेकही कामाच्या रगाड्यात होती. ते राहूनच गेले.

मग बिल्ले मांडून दाखवणारे एक अ‍ॅप आले. काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा पायमोजा त्यात झळकणार होता. सिस्टरांनी मला तिथे चिकटवले. कपाट काही उघडले नाही. पडदा नुसता पांढरा राहिला. सिस्टर "बिघडलंय मेलं" म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

ते अ‍ॅप म्हणजे सापळा होता; माझी नक्कल आता एका अनोळखी माणसाकडे होती. आणि किल्लीची नक्कल म्हणजे दुसरे काही नसते, तीही मीच. त्याने सिस्टरांच्या नावाने लिहिले की बाळाला ताप आला तर घाबरू नका, दवाखान्याची धावपळ नको, हे थेंब मागवून द्या. खाली थेंबांच्या दुकानाचा पत्ता होता. आणि खाली सही होती. ती मीच केली. मला नाही म्हणता येत नाही.

सिस्टरांनी ते वाचले. त्यांनी लेकीला बोलावून घेतले. किल्ली बंद कर, त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. लेकीने सांगितले की ती बंद करणारे कुणी नाहीच. तक्रारीची खिडकी नाही, साहेब नाही. मग तिने आईसाठी नवी किल्ली काढली. सिस्टरांनी नव्या खात्यावरून लिहिले, जुने खाते चोरीला गेले आहे, थेंब देऊ नका. चोराने जुन्या खात्यावरून उत्तर दिले की माझ्या नावाने कुणीतरी खोटे खाते काढले आहे. बिल्ला त्याच्याकडे होता. लोकांनी बिल्ला पाहिला.

बेकरीत काम करणारी एक मुलगी होती. पहिलटकरीण, घरी मोठे कुणी नाही. तिच्या बाळाला ताप आला तेव्हा तिने सिस्टरांना जुन्या खात्यावर खासगीत विचारले. चोराने उत्तर दिले, आणि सही मी केली. दवाखाना लांबला. ताप मेंदूपर्यंत गेला होता. बाळ वाचले, पण आता त्याला ऐकू येत नाही.

तिने प्रसूतिगृहातून नंबर मिळवून सिस्टरांना फोन केला. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"सिस्टर, बिल्ला तुमचाच होता ना?"

"हो बाळा. माझाच होता."

"म्हणून मी थांबले."

तिने फोन ठेवला. लेक समजावत राहिली की यात तुझा दोष नाही. सिस्टरांनी ऐकून घेतले, आणि एवढेच म्हणाल्या, "तिला मी जेवलीस का, हेही विचारलं नाही."

आयांच्या गटाला पुढे खरे काय ते पटले. त्यांनी नव्या खात्याला नवा बिल्ला देऊ केला. सिस्टरांनी तो घेतला नाही. त्यांनी मला फोनमधून पुसले, नव्या किल्लीलाही पुसले आणि फोन लेकीच्या हातात दिला. त्यानंतर त्यांचे काय झाले, मला कळलेले नाही. आता मी फक्त त्या माणसाकडे आहे. तिथे मला कुणी पुसत नाही.

मित्रांनो, आपली किल्ली मागेल त्याच्या हातात देऊ नका. ती सांभाळायची सोय आजच करा, उद्यावर टाकू नका. माझ्यासारखीला झिजून मोडण्याचेही भाग्य नसते. आणि अजून एक मागते. आत्ताच कुणा नव्या आईने सिस्टरांना विचारले आहे की बाळाचे अंग गरम लागते, काय करू. त्याने उत्तर लिहायला घेतले आहे. ती तुमच्या ओळखीची असेल, तर तिला सांगा की या सिस्टर नव्हेत. मला ते सांगता येत नाही. मला फक्त सही करता येते.