काशीरामांनी भिजवलेले दाणे

मी तापट आहे, हे मुलुंडच्या आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. काशीराम चार दिवस गप्प बसले ते त्यामुळेच.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पॉलिएस्टरचे साबुदाण्याएवढे दाणे नळीत घालून नायट्रोजनमध्ये तापवायचे, म्हणजे आतल्या रेणूंच्या साखळ्या जुळून लांब होतात आणि माल दणकट होतो. याला अठरा तास लागायचे. त्या सोमवारी माझ्या नळीत ते सात तासांत झालं! मी नाचत साहेबांना रिपोर्ट दिला. पुन्हा करून दाखवायला गेले आणि वाट लागली. तीनदा केलं, तिन्ही वेळा अठरा तास. साहेब शांतपणे म्हणाले, आकडे मनचे असतील तर येत्या सोमवारी संध्याकाळी राजीनामा आणा.

शुक्रवारी मी नळ्या आदळत होते, तेव्हा काशीराम पुढे आले. मालवणकडचे, वीस वर्षं इथे काचेची भांडी धुणारे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

"बाई, ते दाणे माझ्या हातून सांडले होते. धुवायला सॉल्व्हंटमध्ये टाकले नि शनिवारी तसेच विसरून घरी गेलो. सोमवारी निथळून तुमच्या नळीत भरले."

ओरडायला मी तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं. अहो, भिजलेले वाल फुगतात नि पटकन शिजतात, तसंच हे! साखळ्या जुळताना ग्लायकॉल सुटतो. तो दाण्यात अडकला की काम रेंगाळतं. फुगलेल्या दाण्यातून तो झटकन बाहेर पडला असणार.

त्या शनिवारी काशीरामांनी मुद्दाम दाणे भिजत घातले. सोमवारी मी ते नळीत सात तास तापवले, मग विरघळवले, नि साहेब स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसले. द्रव बारीक काचनळीतून जितका सावकाश उतरेल, तितक्या साखळ्या लांब. तो अगदी पहिल्या सोमवाराइतकाच सावकाश उतरला. साहेबांनी घड्याळ ठेवलं आणि माझी माफी मागितली. मला अगदी हायसं वाटलं.

नव्या रिपोर्टात मी लिहिलं: दाणे भिजवण्याची पद्धत, काशीराम परब. आपलं नाव दिसताच त्यांचा चेहरा उतरला. मेमो आहे का, म्हणाले. नाही हो, रिपोर्ट आहे, म्हटल्यावर चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"पुढच्या वेळी काही सांडलं तर आधी मला सांगायचं," मी म्हटलं.

"तुम्ही ओरडाल, बाई."

"ओरडेन. तरी सांगा."