अकरा मुलांच्या पाच जोड्या

घरात दोन माणसं जितीजागती बसलेली असताना जो माणूस जेवता जेवता पाटीशी बोलतो, त्याला शहाणा कोण म्हणेल? निदान आजी तरी म्हणणार नव्हती. तिचा मुलगा जेवायला बसला की ताटाशेजारी ती काळी चकचकीत पाटी उभी करायचा. घास तोंडाकडे, डोळे पाटीकडे. मध्येच हसायचा, मध्येच "वा रे पठ्ठ्या" म्हणायचा. ज्याला म्हणायचा तो पठ्ठ्या चार गल्ल्या पलीकडे आपल्या घरी जेवत असायचा, आणि स्वतःची पोर समोर बसून भाजी चिवडत असायची.

"मीठ बरोबर आहे का?" आजी विचारायची.

"बरंय."

"भाजीत मीठ घातलंच नाही मी आज."

"बरंय की," मुलगा म्हणायचा.

पाटीला तो टॅब म्हणायचा. आजी पाटीच म्हणायची. शाळेत ती पावणेदोन वर्षं गेली होती, आणि एकदा शिकलेला शब्द फुकट घालवायची तिला सवय नव्हती. अक्षरं तिला धड लागत नसत, आकडे मात्र लख्ख यायचे. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने एकतीस वर्षं काढली होती. चादरीच्या कोपऱ्यावरचा आकडा बघून कुठली चादर कुठल्या वॉर्डाची, हे ती चालता चालता सांगायची.

मुलगा सकाळी शाळेत कवायत शिकवायचा आणि संध्याकाळी मैदानावर लहान मुलांना फुटबॉल. मध्यंतरी त्याच्याकडे मुलं टिकत नव्हती. टिकणार कशी? एक पोर प्लॅस्टिकच्या टोप्यांमधून चेंडू नेणार आणि बाकीची रांगेत उभी राहून नाकं खाजवणार. एकेक करत वीसची अकरा झाली. तेव्हा त्याने कुठून तरी सहा दिवे आणले. बशीएवढे, जमिनीवर ठेवायचे. कधी हा पेटणार, कधी तो. जो पेटेल त्याच्याकडे चेंडू घेऊन पळायचं, पायाने विझवायचा, की दुसरा पेटतो. कुणी किती विझवले ते पाटीवर आपोआप उमटतं. घरी करायचे खेळही त्यात होते. फोन विटेला टेकवून ठेवायचा, समोर चेंडू खेळवायचा, फोन पाहतो आणि मोजतो. मुलं पुन्हा वेळेआधी मैदानावर यायला लागली. एकाच्या आईने म्हणे सांगितलं, आमचा आता आंघोळीलाही चेंडू नेतो. एवढं श्रेय मुलाला द्यावं लागेल आणि आजीने मनातल्या मनात दिलंही. तोंडावर दिलं नाही. तोंडावर दिलेलं श्रेय डोक्यात जातं.

मग आला जोडीचा खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मध्ये दोन टोप्या ठेवून त्यांच्या फटीतून एकमेकांना चेंडू द्यायचा. प्रत्येक पासला फोन टिंग करणार. जोडीने आठवडाभर घरी नाहीतर मैदानावर खेळायचं, आणि जी जोडी पहिली येईल तिने रविवारच्या सामन्याची सुरुवात करायची. मुलांनी पटापट आपापला जोडीदार धरला. अकरा मुलांच्या पाच जोड्या झाल्या आणि एक पोर उरली.

उरली ती त्याचीच मुलगी. दहा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून आजीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि चालायला लागली त्या दिवसापासून तिच्या पायाला चेंडू होता. खेळात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण सरांची मुलगी म्हणजे घरी जाऊन चुगल्या सांगणारी, असं मुलांनी परस्पर ठरवलेलं होतं. ती आली की बोलणं थांबायचं. बापाने काय करावं? तो म्हणाला, "तू आजीला घे. फोनला पाय दिसले म्हणजे झालं, तो काही वय विचारत नाही."

चेष्टेतच म्हणाला. पण भिंगरीने ते खरं मानलं.

आजीची दुपार लांब असायची. सून दूरच्या शहरात कारखान्यात होती, महिन्यातून एकदा यायची, दोन दिवस झोपायची आणि जायची. सकाळी इमारतीची दारं एकापाठोपाठ एक आपटली की मग संध्याकाळपर्यंत जिन्यावर पाऊल वाजत नसे. कुठल्या मजल्यावर नळ ठिबकतोय हे आजीला पलंगावरून सांगता यायचं. विचारणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. अशात एक पोर येऊन म्हणते, "आजी, तुझा पाय हवाय." अडतीस पायऱ्या होत्या. आजी कुरकुरत, कठड्याला धरत, देवाला आणि घर बांधणाऱ्याला सारख्याच शिव्या देत उतरली.

इमारतीच्या मागे गाड्या लावायच्या जागेत खेळ मांडला. आजीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची, पायात सुनेचे जुने बूट. डावा गुडघा निकामी होता, पण उजव्या पायाने आजवर कधी तक्रार केली नव्हती. पहिल्या दिवशी चेंडू तीनदा गाड्यांखाली गेला आणि एकदा वॉचमनच्या डब्यावर. टिंग वाजलं सात वेळा.

"आजी, टाचेने नाही, आतल्या बाजूने."

"मला शिकवू नकोस. तुझ्या बापाला चालायला मी शिकवलंय."

"म्हणून ते पाय ओढत चालतात."

चौथ्या दिवशी टिंग चाळीसवर गेलं. पाचव्या दिवशी आजी चार वाजताच बूट घालून बसली, आणि भिंगरी शाळेतून आल्यावर "आज कंटाळा आलाय, पण चल, तू म्हणतेस तर" असं म्हणाली. प्रत्येक जोडीला फोनवर एक चित्र होतं. कुणाचा वाघ, कुणाचं विमान. यांच्या ओळीत कासव होतं. कासव कोणामुळे, ते आजीने विचारलं नाही. आठवड्याच्या शेवटी कासवापुढे एकशे चार आकडा होता आणि ओळ वरून चौथी. दुसऱ्या आठवड्यात एकशे नव्वद, ओळ दुसरी. त्या रात्री आजीने गुडघ्याला तेल चोळलं. आणि भाजीत मीठ व्यवस्थित पडलं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा चेंडू मोटारीखाली अडकला. भिंगरी काठी आणायला गेली आणि फोन आजीच्या मांडीवर राहिला. ओळी समोरच होत्या. वाघापुढे दोनशे बारा. विमानापुढे एकशे सत्तर. कासव सगळ्यात खाली, आणि त्याच्यापुढे शून्य.

"हे काय गं?"

भिंगरीने फोन घेतला, बघितला आणि पटकन उलटा केला. "चार्जिंग संपत आलंय ना, तेव्हा असं दिसतं. चल, शेवटचे वीस."

धुलाईघरात एकतीस वर्षं आकडे वाचलेल्या बाईला ही थाप पचणारी नव्हती. पण पोरीने मान वर केली नाही. आजीने शेवटचे वीस पास दिले. वीस वेळा टिंग वाजलं. जिना चढताना भिंगरी तिचा हात धरून म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी मैदानावर जाणार नाही. मला अभ्यास असतो." अभ्यासाचं नाव काढल्यावर जिच्या पोटात दुखायचं, ती पोर हे बोलत होती. आजीने कठडा घट्ट धरला. सतरा पायऱ्या बाकी होत्या आणि दम पुरवायचा होता.

दोन दिवसांनी, मुलगा आणि नात पुढे गेल्यावर, आजी काठी घेऊन निघाली. मैदान लांब नव्हतं, पण तिला वाटेत दोनदा टेकावं लागलं. ती जाळीबाहेरच्या बाकावर बसली, तेव्हा दिव्यांचा खेळ रंगात आला होता. पोरं किंचाळत होती, एकमेकांवर आदळत होती. एक दिवा विझवायला चौघं धावली आणि चौघंही पडली. आजीला हसू आलं. भिंगरी त्या गर्दीत नुसती सुळसुळत होती, चेंडू पायाला चिकटवल्यासारखा. तिने ओळीने सहा दिवे विझवले. कुणी टाळी दिली नाही.

मग शिट्टी वाजली. "जोड्या."

दहा मुलं समोरासमोर उभी राहिली. भिंगरीने चेंडू काखेत घेतला आणि पलीकडे पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोजची जागा असल्यासारखी गेली आणि भिंतीवर चेंडू मारायला लागली. भिंतीकडून चेंडू परत यायचा, ती पुन्हा मारायची. मुलगा पाटी घेऊन जोड्यांच्या कडेने चालत होता. याचा खांदा सरळ कर, त्याला शाबासकी दे. शेवटच्या जोडीपाशी पोहोचला की भिंत पाच पावलांवर असायची, आणि तिथून तो मागे वळायचा. तीन वेळा तिथवर गेला. तिन्ही वेळा वळला. आजीने मोजलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. "कुणाच्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्या तोंडात शिट्टी आहे, त्याची आई."

"अच्छा, म्हणजे ते कासव तुमचं." ते मोकळेपणी हसले. "राग मानू नका हं. मीच सरांना म्हणालो होतो, बाकीची पोरं पोरांबरोबर खेळतात, आणि सरांच्या मुलीला घरचं मोठं माणूस, हे काही बरोबर नाही. सरांनी दुसऱ्या मिनिटाला गुण काढून टाकले. म्हणाले, यापुढेही धरणार नाही. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत इतका कडक माणूस विरळा."

"विरळाच," आजी म्हणाली. "तुमच्या मुलाची जोडी कितवी?"

"पहिली."

"वाटलंच मला."

सराव संपला. भिंगरी नळावर तोंड धुवायला आली आणि बाकावर आजीला पाहून तशीच ओल्या चेहऱ्याने उभी राहिली.

"शून्य केलंय हे तुला ठाऊक होतं?" आजीने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या रविवारपासून."

"आणि तरी रोज मला अडतीस पायऱ्या उतरवलंस?"

भिंगरीने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सांगितलं असतं तर तू खाली आली नसतीस," ती म्हणाली.

आजीने पदराने तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं. मग तिला चेंडूची जाळी भरायला पाठवलं आणि शेवटचा पालक फाटकाबाहेर जाईपर्यंत बसून राहिली. चारचौघांत मुलाची शोभा करणारी आई ती नव्हती. मुलगा दिवे गोळा करत बाकापाशी आला आणि दचकला.

"आई? तू चालत आलीस?"

"उडत आले. बस."

तो बसला. दिव्यांची पिशवी त्याने मांडीवर घेतली.

"धुलाईघरात आम्हीही अकराच बायका होतो," आजी म्हणाली. "ओल्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. म्हणजे एक उरणारच. आमची मुकादम रोज सकाळी वेगळी बाई काढायची. आज ही इस्त्रीला, उद्या ती. एकतीस वर्षांत कुणी कायमचं उरलं नाही. आणि ती बाई सही करायची ती अंगठ्याने."

"यात एकदा जोडी नोंदवली की महिनाभर बदलता येत नाही गं."

"मग महिनाभर पाटी कपाटात ठेव."

"आई, तुला वाटतं तितकं सोपं नाही. तिला कुणाबरोबर जबरदस्तीने घातलं असतं, तर लोक म्हणाले असते, सर मुलीसाठी करतात. गुण ठेवले असते तरी तेच. मी कुणाला बोलायला जागा ठेवली नाही." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुझे गुण काढले ते मनाला लागलं असेल तुझ्या. सांगायला हवं होतं मी."

"माझं सोड. मला काय करायचेत गुण." आजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पलीकडे भिंगरी एकेक चेंडू लांबून पायाने जाळीत टाकत होती. एकही चुकत नव्हता, आणि ते बघायला मैदानावर या दोघांशिवाय कुणी नव्हतं. "ती खेळ सोडणार आहे. तुला बोलली?"

"नाही," तो म्हणाला. आता त्याने भिंगरीकडे पाहिलं.

"नाहीच बोलणार. कुणाला बोलेल? ऐक, एकदाच सांगते. तू वाईट नाहीस, तू घाबरट आहेस. लोक नावं ठेवतील म्हणून मैदानावर तू तिचा बाप होत नाहीस, आणि घरी आलास की पाटी उघडून उरलेल्या दहांचा सर होतोस. मग त्या पोरीने बापाला गाठायचं कुठे? लोकांच्या दहा मुलांना तू न्याय दिलास, आणि तो अकराव्या पोरीच्या ताटातला काढून दिलास. लोकांनी तुझी वाहवा केली, पोरीने तक्रार केली नाही, म्हणून तुला वाटलं सगळं बरंय. बरं नाहीये. ऊठ, तिच्या समोर जाऊन उभा राहा आणि चेंडू माग."