तीन नंबरचा हौद

मिल बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी गावात रूपचंदभाईंना ‘मिलवाले बापू’च म्हणत. त्यामुळे ग्रामपंचायतीने गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा शाळेतले हेमकांत मास्तर वही घेऊन थेट त्यांच्या ओट्यावर आले.

“बापू, तुम्ही सांगा, मी लिखी लेस.”

बापूंना सांगायला आवडायचं. वय शहात्तर, पण आठवण खणखणीत. एक्क्याऐंशी साली तापीकाठच्या केळीच्या रानात मिल उभी राहिली. उसाचं चिपाड, गव्हाचं काड आणि सुरतेहून ट्रक भरभरून येणारी रद्दी शिजवून तिचा लगदा करायचा आणि त्यातून खोक्यांचा जाड पिवळा कागद काढायचा. पहिला रोल निघाला तेव्हा बायकांनी त्याला कुंकू लावलं. कागद अजून ओला होता, कुंकू पसरून बशीएवढं झालं. मिलचा भोंगा झाला की आसपासच्या पाच गावांतली माणसं भाकरीला बसत. मिलचं काळं पाणी नदीत गेलं आणि मासे उलटे तरंगले, तेही बापूंनी लपवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, “अपघात वगैरे?”

“आपल्या भिलाची दोन बोटं गेली रोलमध्ये. बॉयलरवर एक जण भाजला.”

“मेलं कोणी?”

“एक. वीरसिंग. म्हसावदच्या वर डोंगरात त्याचा पाडा.”

“हां, तो दारू पिऊन हौदात पडला तो. मी ऐकेल शे,” म्हणत मास्तर लिहू लागले.

बापूंनी हात पुढे करून वही झाकली. “हाई लिखू नको. त्यानी दारू पियेल नव्हती.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. मग तीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेलं बापूंनी त्या ओट्यावर सांगितलं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत मिल पाच दिवस बंद होती. तीन नंबरच्या हौदात लगदा तसाच राहिला होता. मिल उघडली त्या दिवशी लगदा ढवळणारा पंखा फिरेना, तळाशी गाळ घट्ट बसलेला. पाळीचे मुकादम स्वतः रूपचंदभाई. त्यांनी वीरसिंगला फावडं घेऊन उतरायला सांगितलं. वीरसिंग झाकणाशी वाकला आणि मागे सरला.

“भाई, वास बरा नाही. सडक्या अंड्यासारखा येतोय.”

“मग काय अत्तराचा येईल? वरून पाणी मार आणि उतर. मॅनेजर डोक्यावर बसलाय.”

वीरसिंग हसला, धोतर खोचलं आणि शिडीने खाली गेला. चौथ्या-पाचव्या फावड्याला तो गुडघ्यावर बसला आणि मग लगद्यात तोंडावर पडला. साचलेला लगदा सडला की विषारी वायू धरतो, हे मिलमध्ये वरच्यांना माहीत होतं. मुकादमांनाही थोडंफार माहीत होतं.

संध्याकाळी मॅनेजरने कागद पुढे केला. कामगार दारू पिऊन आला, सांगितलं नसताना हौदावर चढला आणि तोल जाऊन पडला, असं त्यात होतं. “उतरायला कोणी सांगितलं ते लिहायचं, तर तुमचं नाव लिहावं लागेल, रूपचंदभाई. जेलमध्ये जायची तयारी आहे?” रूपचंदभाईंनी सही केली. वीरसिंगला त्याच रात्री ट्रॅक्टरने डोंगरात पोचवलं. दारुड्याच्या मरणाची भरपाई मिलला द्यावी लागत नव्हती.

“त्याच्या घरी कोणी गेलं होतं, बापू?”

“ट्रॅक्टरवाला. मी नाही.”

मास्तरांनी वही मिटली. मग म्हणाले, “त्याची बायको असेल अजून.”

दोन दिवसांनी बापू मास्तरांच्या मोटारसायकलवर मागे बसून म्हसावदच्या वर गेले. डांबरी संपली, मग खडीचा रस्ता, मग पायवाट. रमिलाबाईचं घर कुडाचं, अंगणात मक्याची कणसं वाळत घातलेली. ती स्वतः वाळून काटकी झालेली, पण नजर धारदार. मिलमधून आलोय म्हटल्यावर तिने खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. घरात ती आपली पावरी बोली बोले. पाहुण्यांशी बाजारातल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलली.

बापूंनी वाटेत जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्यांच्या कामी आलं नाही.

“बाई, तुझा माणूस दारू पिऊन मेला नाही. मी त्याला आत उतरवलं. तो म्हणाला होता, वास बरा नाही. मी ऐकलं नाही. आणि नंतर खोटं लिहून दिलं.”

रमिलाबाई कणसाचे दाणे सोलत होती. तिचे हात थांबले.

“आधी पीत होता,” ती सावकाश म्हणाली. “पोरगा झाला तेव्हा सोडली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलला होता. मग तो ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला बोलला, पिऊन पडला. मला वाटलं, पोराची शपथ मोडली याने.”

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं.

“आमच्यात असा अवेळी माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. दीर बोलला, करू. मी करू दिला नाही. पोरगा बापाबद्दल विचारायचा, तर मी सांगायची, तुझा बाप खोटारडा. तीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. तो ऐकत असेल, तर काय बोलला असेल?”

घराच्या मागे कोंबड्या माती उकरत होत्या. तिने विचारलं, “हाक मारली त्याने?”

“नाही. एकदा वर बघितलं. माझ्याकडे.”

“मग?”

“मी ओरडलो. दोरी आणायला पळालो. उशीर झाला.”

तिने मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. बापूंनी हात जोडले. तिने त्या हातांकडे पाहिलंही नाही.

“मला माफी मागू नको. माझ्याकडे नाही ती. पोरगा ऊस तोडायला बारडोलीकडे गेलाय. होळीला येईल. त्याला तूच सांग, या तोंडाने. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारी आता बापाला चांगला करते.”

डोंगर उतरताना बापू मोटारसायकलवर बसले नाहीत. पायवाट संपेपर्यंत मास्तर गाडी ढकलत त्यांच्या मागून चालले.

पुस्तकात सगळं जसंच्या तसं लिहायचं, बापूंच्या नावासकट, असं ठरलं. मास्तरांनी लिहिलंही. पण ते वाचल्यावर सरपंच म्हणाले, “बापू, गावाच्या पुस्तकात हे बरं दिसत नाही. आणि तुमची म्हातारपणी बदनामी कशाला? एक ओळ ठेवू, एका कामगाराचा दुर्दैवी मृत्यू.”

“मग मिलचं सगळंच काढा,” बापू म्हणाले.

त्यांनी खरंच काढलं. पुस्तक छापून आलं. त्यात महादेवाचं देऊळ होतं, दोन्ही शाळा होत्या, केळीवाल्यांची संस्था होती. तेवीस वर्षं ज्या मिलने गावाला भाकरी दिली, तिचं नावही नव्हतं. भिला रस्त्यात भेटला, तीन बोटांच्या हाताने पानं उलटत म्हणाला, “बापू, आपण सगळे गेलो की यातून.”

होळीनंतर चौथ्या दिवशी वीरसिंगचा पोरगा हेमराज बापूंकडे आला, आईने धाडलेला. छत्तीस-सदतीसचा, उन्हाने काळवंडलेला, आश्रमशाळेत शिकल्यामुळे मराठी स्वच्छ. ओट्यावर बसला नाही. बापूंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, आईला सांगितलं होतं त्याच शब्दांत. हेमराज एवढंच म्हणाला, “जागा दाखवा.”

मिलच्या आवारात आता शेडचे नुसते खांब उरले होते. पत्रे आणि मशिनरी भंगारात गेली होती. बाभळी माजल्या होत्या. हौद मात्र कोणाला उचलता आले नव्हते. एका रांगेत पाच सिमेंटची तोंडं, पावसाच्या जुन्या पाण्यावर शेवाळ धरलेली. बापू काठी टेकत तिसऱ्यापाशी थांबले.

“हा.”

हेमराज कठड्यापाशी गेला. कठडा त्याच्या छातीपर्यंत येत होता. त्याने आत डोकावून पाहिलं, मग हाताने कठड्याची जाडी चाचपली, तिथे पूर्वी शिडी अडकवायचे ते दोन गंजके आकडे चाचपले.

“ते तेव्हा किती वर्षांचे होते?”

“एकतीस-बत्तीस.”

“माझ्यापेक्षा लहान,” तो म्हणाला.

बाभळीत वारा होता. पलीकडच्या शेतात कोणी केळीचे घड कापत होतं, त्याचा आवाज येत होता. हेमराजने खिशातून मोबाइल काढला, चार पावलं मागे गेला आणि हौदावर धरला. आईला दाखवायचं होतं. बराच वेळ त्याने बटण दाबलं नाही. बापूंना वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून.

“काका,” हेमराज म्हणाला. आवाजात राग नव्हता. “तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येताय.”

बापू बाजूला झाले. बाभळीच्या सावलीपर्यंत गेले आणि त्याचं होईपर्यंत तिथेच उभे राहिले.